कोटणिसांची चिनी सून : एका सोयरिकीचा इतिहास

आपल्याकडे घराण्याची वंशावळ लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. मूळ पुरुषाचे नाव शिरोभागी, त्याखाली मुलगे, मुलग्यांखाली नातू. लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांची फांदी तेथेच थांबते. सुनांची नावे तर पुष्कळदा कोठेच आढळत नाहीत. ज्यांच्या हातून घर चालले, ज्यांनी सासू-सासऱ्यांची अखेरची सेवा केली, त्या बायका वंशवृक्षाच्या पानावर अनामिक राहतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या आरंभी दिलेली वंशावळ या बाबतीत वेगळी आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. पुरुषांच्या त्या लांब मालिकेत मवाब देशातली परकी सून रूथ हिचे नाव आवर्जून आले आहे. पती वारल्यावर तिचा त्या घराशी संबंध संपला, असे जग म्हणाले असते. तिने तसे मानले नाही, आणि सासूनेही मानले नाही.

धर्मग्रामाच्या विवाहनोंदी लिहिताना आम्हांस या गोष्टीची वरचेवर आठवण होते. वधूचे गाव, वराचे गाव, आई-बापांची नावे, साक्षीदार असे सारे रकाने भरले जातात. दोन्ही घरे पुढे एकमेकांची किती राहिली, याला मात्र रकाना नसतो. ते पुढच्या पन्नास वर्षांच्या येण्याजाण्यातून ठरते. सोलापूरच्या एका घराने आणि चीनमधील एका स्त्रीने हे नाते कसे सांभाळले, त्याचा इतिहास येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. त्या घराण्यातील पुत्राचे नाव सर्वांना ठाऊक आहे : डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांची कीर्ती पुस्तकांतून आणि चित्रपटांतून आपल्यापर्यंत पोचली. त्यांच्या मागे राहिलेल्या दोन कुटुंबांचे काय झाले, ही कथा त्या मानाने कमी सांगितली गेली आहे.

गिरण्यांच्या गावातले घर

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यम स्थितीतले, भावंडे पुष्कळ. कोटणीस हे आडनावच मोठे बोलके आहे. फडणीस, चिटणीस, पारसनीस यांच्याप्रमाणे त्याच्या शेवटी 'लिहिणारा' या अर्थाचा फारसी शब्द दडलेला आहे. कोटणीस म्हणजे कोटाचा, किल्ल्याचा हिशेब लिहिणारा. फारसीतून मराठीत आलेल्या या आडनावाला पुढे चिनी लिपीतही जागा मिळावयाची होती.

त्या काळचे सोलापूर हे गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे गाव होते. जुनी गिरणी, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी ही नावे घरोघरी परिचित होती. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर तेलुगू बोलत. विजापूर-गुलबर्ग्याकडून आलेली कुटुंबे कन्नड बोलत. बाजारात मराठीबरोबर दख्खनी उर्दूही चाले. एका वाड्यात तीन भाषा ऐकू येणे हे सोलापूरकरांना नवलाचे नव्हते. अशा गावात वाढलेल्या मुलाला परक्या भाषेचे भय वाटत नाही. हा गुण द्वारकानाथांना पुढे फार उपयोगी पडला.

त्या गावाच्या अंगात बंडखोरीही होती. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रज सरकारला लष्करी कायदा पुकारावा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. द्वारकानाथ त्या वेळी विशीत होते. पुढे मुंबईत परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी सुरू असतानाच त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची व औषधांची मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. बावीस हजार रुपये जमले, रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले : अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. जो देश स्वतःच पारतंत्र्यात होता, त्याने दुसऱ्या पीडित देशाच्या जखमा बांधण्यासाठी आपली मुले पाठवावीत, ही घटना आजही विचार करावयास लावते.

द्वारकानाथांनी घरी परवानगी मागितली. वडिलांनी उत्तेजन दिले. मुलगा इतक्या दूर जाणार म्हणून आईचे मन मात्र कष्टी झाले. धाकटी बहीण मनोरमा यांनी पुढे उतारवयात त्या दिवसांची आठवण सांगितली आहे. चीनविषयी त्या वेळी घरात कोणाला फारसे ठाऊक नव्हते; तिकडचे लोक रेशीम विकावयास येतात, एवढीच काय ती माहिती. ज्या देशाची ओळख फेरीवाल्याच्या गाठोड्यापुरती होती, त्याच देशाशी या घराची सोयरीक व्हावयाची होती.

एका अक्षराची भर

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या आगबोटीने पथक मुंबईहून निघाले आणि १७ सप्टेंबरला कँटनला पोचले. तेथे मादाम सन यत्सेन यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे युद्धाच्या धामधुमीत हँकाऊ, चुंगकिंग, सियान असा प्रवास करीत फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला आले.

चुंगकिंगच्या मुक्कामातील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली दुःखाची. वडील वारल्याची बातमी द्वारकानाथांना तेथे कळली. घरी परतण्यास याहून सबळ कारण कोणते असणार? पण हाती घेतलेले काम सोडून ते परतले नाहीत. दुसरी गोष्ट नावाची. शांतिनिकेतनातील चीना भवनाचे प्रमुख प्राध्यापक तान युन-शान त्या वेळी चुंगकिंगमध्ये होते. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. बसूंचे बासुहुआ झाले, कोटणिसांचे के दिहुआ झाले. घरात नव्या आलेल्या सुनेचे नाव बदलण्याची आपल्याकडे चाल होती. येथे मुलाने परक्या घरात जाऊन नवे नाव घेतले होते.

पथकातील अटल, चोळकर आणि मुखर्जी यथावकाश मायदेशी परतले. बसू येनानमध्ये काम करीत राहिले. कोटणीस उत्तरेकडील डोंगराळ युद्धक्षेत्रात गेले. तेथे त्यांच्या आधी नॉर्मन बेथून या कॅनडाच्या शल्यचिकित्सकाने मोठे काम केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून बेथून यांचा नोव्हेंबर १९३९ मध्ये अंत झाला होता. १९४० च्या एका दीर्घ लढाईत कोटणिसांनी बहात्तर तासांपर्यंत डोळ्याला डोळा न लावता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेंहून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले.

या काळात त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. बोलण्यापुरती शिकून ते थांबले नाहीत. विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र त्या भाषेत शिकवू लागले. ज्यांनी परप्रांतात किंवा परदेशात सेवा केली आहे, त्यांना याचे मोल कळेल. दुभाष्याच्या तोंडून माणसाची जखम कळते; तो माणूस कळण्यासाठी त्याचीच भाषा यावी लागते. जुलै १९४२ मध्ये त्यांनी चीनच्या साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व घेतले. त्यांची ती वाट आमची नव्हे. परंतु वाट वेगळी आहे म्हणून पांथस्थाच्या पायांची रक्ताळलेली बोटे न पाहणे हे न्यायाचे होणार नाही.

यिनहुआ

बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने १९४० मध्ये कोटणिसांची गुओ छिंगलान या परिचारिकेशी ओळख झाली. छिंगलान शान्सी प्रांतातील फेनयांग गावच्या. बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत त्या परिचर्येचे शिक्षण देत. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. युद्ध सुरू होते, टपाल बेभरवशाचे होते, आणि सोलापूर हजारो मैल दूर. मुलाच्या डोक्यावर अक्षता टाकावयास आई नव्हती, सुनेच्या हाती ओटीचे तांदूळ द्यावयास नणंदा नव्हत्या. सोलापूरच्या घरातील एक विवाह त्या घरातील एकाही माणसाच्या उपस्थितीवाचून झाला.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनानी न्ये रोंगचेन यांनी त्याचे नाव सुचविले : यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन अक्षरांत दोन देश आले. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवून घराणे पुढे नेतात. या बाळाच्या नावात त्याचे दोन्हीकडचे आजोळ-घर सामावले होते.

कोटणिसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांती घ्यावी असे सहकाऱ्यांनी विनवूनही त्यांनी काम थांबविले नाही. शल्यशास्त्रावरील एक पाठ्यपुस्तक ते चिनी विद्यार्थ्यांसाठी लिहीत होते. ते अपुरेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचे होते.

माओ त्से-तुंग यांनी आपल्या शोकसंदेशात, सैन्याने एक मदतीचा हात आणि राष्ट्राने एक मित्र गमावला, अशा आशयाचे उद्गार काढले. राष्ट्राची हानी अशी शब्दांत मांडता येते. दोन घरांची हानी मोजण्यास शब्द कोठून आणावेत? एका घरात विधवा आई होती. तिने पती गमावला होता आणि आता मुलगा गेला. दुसऱ्या घरात छिंगलान होत्या. वय पंचवीस-सव्वीस, मांडीवर मूल, भोवती युद्ध. दोघी एकमेकींच्या जवळच्या आप्त होत्या. दोघींनी एकमेकींचे तोंडही पाहिले नव्हते. बोलण्यासाठी दोघींना एक भाषाही नव्हती.

पडद्यावरची सून आणि खरी सून

डॉ. बसू १९४३ साली भारतात परतले. पाच जण गेले होते, चौघे माघारी आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. एक जण परतला नाही, हाच त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ आहे. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. शांताराम स्वतः कोटणीस झाले आणि जयश्री यांनी चिनी पत्नीची भूमिका केली. अशा रीतीने महाराष्ट्राने ही सून प्रथम पडद्यावर पाहिली. तिची वेशभूषा चिनी होती, चेहरा मराठी अभिनेत्रीचा होता.

खऱ्या सुनेला या देशात पाऊल टाकावयास आणखी बारा वर्षे लागली. मधल्या काळात दोन्ही देशांत मोठी स्थित्यंतरे झाली. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये चीनमध्ये नवे राज्य आले. १ एप्रिल १९५० रोजी दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. १९५८ साली छिंगलान भारतात आल्या आणि पतीच्या माणसांत मिसळल्या. विवाहानंतर सुमारे सतरा वर्षांनी सून सासरी आली. आपल्या चालीरीतीत सुनेच्या गृहप्रवेशाला मोठे स्थान आहे. ज्याच्या मागून तिने उंबरठा ओलांडावयाचा तो वर सोळा वर्षांपूर्वीच निघून गेला होता. तरीही गृहप्रवेश झाला, आणि ती त्या घरची वहिनी ठरली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. छिंगलान यांनी पुढे चीनमध्ये पुनर्विवाह केला. त्यांना त्या संसारात मुलेबाळे झाली. आपल्याकडील जुन्या समजुतीप्रमाणे पुनर्विवाह केलेल्या स्त्रीचे पहिल्या सासरशी नाते उरत नाही. कित्येक घरांत तिचे नाव काढणेही टाळले जाते. तिच्या मुलांना आजीच्या घरी पाय ठेवताना संकोच वाटतो. आपल्या धर्मग्रामांतही अशी उदाहरणे नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. कोटणिसांच्या घराने ही भिंत उभी केली नाही. छिंगलान यांनीही आपल्या पहिल्या पतीची माणसे ही आपलीच माणसे मानली आणि त्यांच्याकडे त्या पुनःपुन्हा येत राहिल्या. पहिल्या पतीची आठवण आणि दुसरा संसार या दोन गोष्टी एका अंतःकरणात नांदू शकतात. दोन्ही घरांनी ते समजून घेतले, यात आम्हांस मोठे औदार्य दिसते.

रक्ताचा धागा तुटला

भेट झाली, ओळख झाली, आणि मग हिमालयावर युद्ध झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झालेली ती लढाई महिनाभरात थांबली. परंतु दोन्ही देशांचे राजदूत परत एकमेकांकडे जावयास १९७६ साल उजाडले. या काळात ज्यांची माणसे सीमेच्या दोन्ही बाजूंना होती, त्यांचे हाल झाले. भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुले होती, मिश्र विवाहांतून झालेली संततीही होती. राज्ये भांडतात तेव्हा त्याची झळ प्रथम अशा जोडलेल्या घरांना लागते.

याच अबोल्याच्या काळात, १९६७ मध्ये, यिनहुआ गेला. बापाप्रमाणे तोही वैद्यकीय शिक्षण घेत होता. शिक्षण संपण्याच्या बेतात असताना, पंचविशीही पुरी होण्याआधी, त्याचा अंत झाला. चीनमध्ये त्या वेळी सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ होता. बापाला बत्तीस वर्षे मिळाली, मुलाला त्याहूनही कमी.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. सोलापूरच्या घराला चीनशी बांधणारा रक्ताचा धागा एकच होता. तो हा मुलगा. तो तुटला. आता छिंगलान यांच्या संसारात कोटणीस रक्ताचे कोणी उरले नव्हते, आणि सोलापूरच्या घरात छिंगलान यांच्या रक्ताचे कोणी कधीच नव्हते. देशांत वैर होते, पत्रव्यवहार अवघड होता, पती जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. नाते संपले असते तर कोणी कोणाला दोष दिला नसता.

ते संपले नाही. संबंध सुधारू लागताच येणेजाणे पुन्हा सुरू झाले. डॉ. बसू यांचा या कामी मोठा वाटा होता. १९५८ च्या सुमारास त्यांनी चीनमध्ये ॲक्युपंक्चर ही सुईने उपचार करण्याची विद्या शिकून ती भारतात आणली होती. कोटणीस स्मारक समितीच्या द्वारे त्यांनी ती विद्या आणि मित्राची स्मृती अशी दोन्ही जागती ठेवली. पंजाबात लुधियाना येथे कोटणिसांच्या नावाने या उपचारांचे रुग्णालय उभे आहे. १९८२ मध्ये, मृत्यूला चाळीस वर्षे झाली तेव्हा, चीनने कोटणिसांची टपाल तिकिटे काढली आणि त्यांच्यावर चित्रपटही तयार झाला. भारतानेही १९९३ मध्ये त्यांच्या नावाचे तिकीट काढले. ज्यांची पत्रे एके काळी घरी पोचणे कठीण होते, त्यांचाच चेहरा आता पत्रांवर बसून गावोगाव जाऊ लागला.

चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाची विचारपूस करावयाची, असा शिरस्ता चौ एन-लाय यांच्या काळापासून पडला होता. १९९६ मध्ये जियांग झेमिन यांनी कुटुंबाला फुले पाठविली. २००१ मध्ये ली पेंग, २००२ मध्ये झू रोंगजी, २००६ मध्ये हू जिंताओ आणि २०१३ मध्ये ली केचियांग यांनी आप्तांची भेट घेतली. दुसऱ्या बाजूने, राष्ट्रपती के. आर. नारायणन २००० साली आणि पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी २००३ साली चीनला गेले, तेव्हाच्या समारंभांत छिंगलान यांना मानाचे स्थान होते. २००६ मध्ये हू जिंताओ यांच्याबरोबर त्या भारतात आल्या, तेव्हा त्यांचे वय नव्वद होते. नव्वदीची वहिनी आणि पंचाऐंशीच्या घरातली नणंद. ज्यांच्यामुळे या दोघी एकमेकींच्या झाल्या, त्यांना जाऊन चौसष्ट वर्षे लोटली होती.

राजकारणी अशा भेटींचा आपल्या कामासाठी उपयोग करतात, हे आम्ही जाणतो. छायाचित्रे निघतात, भाषणे होतात, मैत्रीचे गोडवे गायले जातात आणि सीमेवरची ठाणी जागच्या जागी राहतात. परंतु समारंभ आटोपून दिवे मालवले गेल्यावर जे उरते त्याकडे पाहावे. तेथे दोन वृद्ध स्त्रिया होत्या, आणि त्यांनी नाते राजदूतांवर सोपवून दिले नव्हते.

तिरोडीची भेट

ज्यांच्या पाठीशी दोन सरकारे उभी नव्हती, अशा एका कुटुंबाचीही आठवण येथे केली पाहिजे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा आहे. त्यातील तिरोडी हे गाव. १९६२ च्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, एक चिनी सैनिक वाट चुकून भारतीय हद्दीत सापडला. काही वर्षे त्याने तुरुंगांत काढली. १९६९ मध्ये सुटका झाल्यावर त्याला तिरोडीत ठेवण्यात आले. त्याने तेथेच काम धरले, स्थानिक मुलीशी विवाह केला, मुले-नातवंडे झाली. मायदेशी जाण्याची परवानगी मात्र मिळेना. अखेरीस फेब्रुवारी २०१७ मध्ये, चोपन्न वर्षांनी, तो मुलाबाळांसह चीनमधील आपल्या घरी जाऊन भावंडांना भेटला. त्याची आई तोवर वारली होती.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत भारतीय मुलगा चीनमध्ये राहिला, दुसरीत चिनी मुलगा भारतात राहिला. एकीच्या भेटीला राष्ट्राध्यक्ष साक्षी होते. दुसरीला अर्धे शतक कागद मिळाला नाही. पण दोहींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. परक्या गावाने आलेल्या माणसाला जागा दिली आणि दूरच्या घराने गेलेल्या माणसाची वाट पाहणे सोडले नाही. यांपैकी एक जरी बाजू कच्ची असती, तरी भेट घडून आली नसती.

समाधी आणि स्मारक

कोटणिसांचे पार्थिव अवशेष आज चीनच्या हेपेई प्रांतातील शिज्याझुआंग येथील हुतात्म्यांच्या उद्यानात आहेत. बेथून यांची समाधीही तेथेच आहे. चिनी लोक एप्रिलच्या आरंभी छिंगमिंग नावाचा दिवस पाळतात. पूर्वजांच्या समाध्या झाडून पुसून त्यांवर फुले वाहतात. आपण २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मृतिदिनी दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, त्यासारखाच तो दिवस. त्या दिवशी सोलापूरच्या या मुलाच्या समाधीवरही फुले पडतात. ज्यांनी त्यांना पाहिले नाही, ज्यांना मराठीचा गंधही नाही, अशांच्या हातची ती फुले असतात.

संत फ्रान्सिस झेविअर यांना चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी मरण आले आणि त्यांचे शरीर समुद्रमार्गे गोव्यात आले. स्पेनच्या नवारमधल्या त्या पुत्राला गोवेकरांनी आपला 'सायब' केले. परक्या भूमीतून आलेल्याला आपला म्हणून सांभाळणे म्हणजे काय, हे आपणांस त्यामुळे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिज्याझुआंगच्या लोकांनी कोटणिसांविषयी असेच केले आहे.

सोलापुरात भय्या चौकात महानगरपालिकेने उभारलेल्या डॉ. कोटणीस स्मारकाचे २०१२ साली उद्घाटन झाले. त्याच वर्षी, २८ जून २०१२ रोजी, छिंगलान यांचे चीनमधील दालियन येथे निधन झाले. वय शहाण्णव. २०१४ मध्ये शी जिनपिंग भारतात आले असता नव्वदी ओलांडलेल्या मनोरमाबाईंचा त्यांनी पंचशीलाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या मैत्री पुरस्काराने गौरव केला. पुढच्याच वर्षी मनोरमाबाईही गेल्या. ज्यांनी हे नाते हातांनी धरून ठेवले होते, त्या दोघीही तीन वर्षांच्या अंतराने निघून गेल्या.

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात पुन्हा रक्त सांडले. भारताचे वीस जवान धारातीर्थी पडले. त्याच वर्षी शिज्याझुआंगमधील एका वैद्यकीय शाळेपुढे कोटणिसांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. ही शाळा त्यांच्याच चिनी नावाने चालते. या दोन बातम्या एकाच वर्षाच्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. गलवानच्या जवानांच्या घरी आई-वडील आहेत, बायका-मुले आहेत, आणि त्यांचे दुःख कोणत्याही पुतळ्याने कमी होत नाही. तरीही त्या शाळेतून बाहेर पडणारा चिनी विद्यार्थी एका मराठी डॉक्टराच्या नावाने सेवेची शपथ घेतो, हेही खोटे नव्हे.

आपल्या घरांसाठी

आज आपल्या धर्मग्रामांतील क्वचितच एखादे घर असे असेल की ज्याचे कोणी परदेशी नाही. कोणी आखातात, कोणी कॅनडात, कोणी ऑस्ट्रेलियात. मुले तिकडे विवाह करतात. सुना-जावई वेगळ्या वर्णाचे, वेगळ्या भाषेचे, कधी वेगळ्या श्रद्धेचे येतात. नातवंडांना आजीशी बोलता येत नाही. अशा वेळी आई-वडील धर्मगुरूंजवळ येऊन म्हणतात, 'फादर, पोरगा आमचा राहिला नाही.' त्यांचे दुःख खरे आहे. आम्ही त्यांना कोटणिसांच्या आईची गोष्ट सांगतो. तिचा मुलगा गेला तो माघारी आलाच नाही. तिच्या घराला मात्र एक वहिनी मिळाली, आणि त्या वहिनीने चौपन्न वर्षे, म्हणजे १९५८ पासून आपल्या मृत्यूपर्यंत, हे घर आपले मानले.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक घराने आपली वंशावळ एका वहीत लिहून काढावी. तीत मुलग्यांबरोबर लेकींची नावे लिहावीत आणि सुनांची त्यांच्या माहेरच्या गावासह लिहावीत. विधवा होऊन पुनर्विवाह केलेल्या सुनेचे नाव खोडू नये. परदेशी सुनेचे नाव उच्चारता येत नसेल तर तिलाच विचारून शुद्ध लिहावे. नाताळात किंवा लग्नकार्याला ती येईल, तेव्हा तिला ही वही दाखवावी.

आणि ज्यांचे सोलापूरला जाणे होईल, त्यांनी सिद्धेश्वराचे तळे आणि भुईकोट किल्ला पाहून झाल्यावर भय्या चौकातील त्या स्मारकालाही भेट द्यावी. बरोबर मुले असतील तर त्यांना डॉक्टरांची गोष्ट सांगावी. ती त्यांना आवडेल. त्यानंतर गुओ छिंगलान हे नावही त्यांना सांगावे. ती या गावची सून होती.